अण्णांना खुर्चीत बसवून ठेवायचं का?

नमस्कार मॅडम,
माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय 72. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं, गोळ्या चालू आहेत. गेल्या तीन महिन्यांत ते चार वेळा पडले. एकदा पहाटे न्हाणीघराकडे जाताना. एकदा देवघराच्या उंबरठ्यावर, तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता. एकदा ओटीवर उभे असताना सासूबाईंनी मागून हाक मारली, ते वळले आणि कोसळले. चौथ्या वेळी दुपारी जेवून उठताना. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले. एकदा मनगट मोडलं, बाकी मुका मार.

दीर मुंबईहून रोज फोनवर बजावतात, की त्यांना आता चालू देऊ नका, खुर्चीत बसवून ठेवा. अण्णाही घाबरलेत, अंगणात यायचं त्यांनी सोडलंय. फिजिओथेरपिस्टनं व्यायामाचा कागद दिला होता, पलंगावर आडवं होऊन पाय उचलायचे वगैरे. ते रोज करतात, तरी पडणं थांबलं नाही. सासूबाई त्यांना दोन्ही हात धरून ओढत नेतात, त्यात त्यांची पाठ गेलीय. आमचं घर जुनं, कौलारू, प्रत्येक दाराला उंबरठा. वॉकर आणावा का? आणि आजार बरा होणारच नसेल तर व्यायामानं काय फरक पडणार?
– एक सून, चिपळूणजवळच्या गावातून

ताई,

तुम्ही पत्रात चारही वेळांची हकीकत लिहिलीत, कुठे पडले, काय करताना पडले, हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे येणारी बहुतेक घरं एवढंच सांगतात, ‘हल्ली सारखे पडतात.’ त्यावरून काहीच करता येत नाही. तुमच्या चार ओळींवरून मात्र पुष्कळ करता येईल, कारण अण्णा चार वेळा चार वेगळ्या कारणांनी पडले आहेत.

आधी दिरांचं म्हणणं. त्यांची काळजी मला कळते. लांब असलेल्या मुलाच्या हातात फोनवरून बजावण्याखेरीज काही नसतं. पण अण्णांना खुर्चीत बसवून ठेवू नका. बसून राहिलं की मांड्यांची ताकद पहिल्यांदा जाते, आणि खुर्चीतून उठायला, अडखळल्यावर सावरायला तीच लागते. तोल ही सवयीची गोष्ट आहे, वापरला नाही की तो उतरत जातो. दोन महिने बसवून ठेवलेला माणूस रात्री लघवीला उठणारच, आणि तेव्हा तो आजच्यापेक्षा कच्च्या पायांवर उभा असेल. अण्णांनी अंगण सोडलं हे मला मनगटाच्या मोडण्याइतकंच गंभीर वाटतं.

व्यायामानं काय फरक पडणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पार्किन्सन्स व्यायामानं बरा होत नाही, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगते. पण पडणं कमी होतं. या आजाराची साधारण 60 टक्के माणसं वर्षातून एकदा तरी पडतात, आणि त्यातली बरीचशी पुन्हा पुन्हा पडतात. 2022 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं या विषयावरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे 26 टक्क्यांनी कमी असल्याचं त्यात दिसलं. दर चार पडण्यांतलं एक टळलं, असं धरा. ते टळलेलं एक पडणं खुब्याच्या हाडाचंही असू शकतं.

मात्र व्यायाम कोणता, इथेच सगळं अडतं. पलंगावर आडवं होऊन पाय उचलले तर आडवं होऊन पाय उचलता येतात. माणूस पडतो उभ्यानं. तोल शिकायचा तर तोल थोडा डळमळेल असंच काहीतरी करावं लागतं, अर्थात सुरक्षित जागी. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत असेच कागद वाटत होते. माझा एक रुग्ण ते व्यायाम इमानेइतबारे करायचा, आणि तरी घरच्या मोरीत पडून खुबा मोडून आला. त्यानंतर मी त्याच्या घरी गेले. मोरीला वीतभर उंच कठडा होता आणि तो ओलांडताना त्याला रोज एका पायावर उभं राहावं लागत होतं. एका पायावर उभं राहायला मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून मी घर पाहिल्याशिवाय, निदान घराचा व्हिडिओ मागवल्याशिवाय, व्यायाम सांगत नाही. तुम्हीही अण्णा दिवसभर जिथून चालतात त्या वाटेचा व्हिडिओ काढा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आता उंबरठा, कारण तुमच्या घरातला खरा अडसर तोच आहे.

चालताना पाय एकाएकी जमिनीला चिकटल्यासारखे होणं, धड पुढे जातंय आणि पाय जागच्या जागी थरथरताहेत, असं अण्णांचं होतं का, ते नीट पाहा. याला गोठणं म्हणतात. ते बहुधा दारात, अरुंद जागेत, वळताना आणि पहिलं पाऊल टाकताना होतं. आपण चालतो ते विचार न करता. मेंदूच्या आतल्या भागातून ते आपोआप चालू राहतं. पार्किन्सन्समध्ये डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं आणि ही आपोआपची वाट बुजत जाते. पण डोळ्यांनी दिसलेली खूण किंवा कानांनी ऐकलेला ठेका यांवरून पाऊल टाकायला मेंदूला दुसरी वाट सापडते. म्हणून सपाट फरशीवर अडणारा माणूस जिना नीट चढून जातो, आणि घरच्यांना वाटतं की हा मुद्दाम करतोय. तो मुद्दाम करत नसतो. पायरी त्याला दिसत असते, एवढंच.

याचा उपयोग असा करा. उंबरठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे जमिनीवर आडव्या चिकटपट्ट्या लावा, प्रत्येकी तीन-चार, अण्णांच्या चांगल्या पावलाइतक्या अंतरावर. लाल कोबा असेल तर पांढरी पट्टी, पांढरी लादी असेल तर गडद. उंबरठ्याच्या कडेलाही उठून दिसेल असा रंग द्या. अण्णांनी ‘दार ओलांडायचंय’ असं मनात न आणता ‘पट्टीच्या पलीकडे टाच टेकवायची’ एवढंच म्हणायचं. पट्ट्यांचे कोपरे सुटले की लगेच बदला, नाहीतर त्यांनाच अडखळायला होईल.

कानांसाठी ठेका. मेट्रोनोमची, म्हणजे एकसारखा ठेका देणारी, ॲप फोनवर फुकट मिळतात, पण निवृत्त मुख्याध्यापकांना ‘एक-दोन, एक-दोन’ची कवायत किंवा टाळांवरचं ‘ज्ञानबा-तुकाराम’ जास्त जवळचं वाटेल. वारकरी मैलोगणती त्याच ठेक्यावर पाऊल टाकतात. वेग अण्णांच्या नेहमीच्या चालीइतकाच ठेवा. घाई झाली की पावलं लहान होतात आणि गोठणं वाढतं.

आणि पाय चिकटलेच तर? इथे आईंना, म्हणजे तुमच्या सासूबाईंना, हे समजावून सांगा, की ओढायचं नाही. समोरून हात ओढले की छाती पुढे येते, पाय मागेच राहतात आणि दोघंही पडतात. त्यापेक्षा थांबायचं, पूर्ण थांबायचं. सरळ उभं राहायचं. श्वास घ्यायचा. मग उजव्या पायावर भार, डाव्या पायावर भार, असं दोन-तीनदा जागच्या जागी डुलायचं आणि मोकळ्या झालेल्या पायानं एक मोठं पाऊल टाकायचं. आईंनी त्यांच्या बाजूला, किंचित मागे उभं राहायचं आणि त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला धरायचं. यासाठी रुंद, हाताला पकड असलेला पट्टा मिळतो, तो घ्या. तोल जातच असेल तर उचलून धरायचा प्रयत्न न करता अंगाला टेकवत हळूहळू खाली बसू द्यायचं. आईंची पाठही त्यानं वाचेल.

देवघरापाशी उंबरठ्याच्या जोडीला तांब्याही होता. हातातलं पाणी सांडू नये म्हणून लक्ष तांब्यात, तोंडात स्तोत्र असेल तर काही लक्ष तिकडे, आणि पायांसाठी उरतं थोडंसं. 1997 साली स्वीडनमधल्या संशोधकांना वृद्धाश्रमातल्या माणसांमध्ये असं आढळलं, की बोलता बोलता ज्यांना चालणं थांबवावं लागतं ती पुढे जास्त पडतात. चालणं आपोआप होत नसेल तर ते सगळं लक्ष मागतं. तेव्हा अण्णांची पूजा बंद करू नका. तांब्या, फुलं, ताम्हण आधी तुम्ही आत नेऊन ठेवा. अण्णा मोकळ्या हातांनी जातील, आत गेल्यावर बसतील आणि मग स्तोत्र म्हणतील. पाटावर बसून उठणं जड जात असेल तर हात असलेली खुर्ची आत ठेवा. खुर्चीवर बसून केलेली पूजा देवाला पोचते. सोवळं किंवा लुंगी पायात येत असेल तर घोट्याच्या वर नेसू द्या. सैल स्लिपर घरातून काढूनच टाका, टाचेला पट्टा असलेली चप्पल हवी. तळ मात्र फार पकड घेणारा नको. पाय घासत चालणाऱ्याचा रबरी तळ फरशीला अडकतो.

ओटीवर पडले ते वळताना. आपण एका टाचेवर गर्रकन फिरतो, तसं वळणं अण्णांनी कायमचं सोडायला हवं. मोकळी जागा असेल तिथे बैल घाण्याला वळतो तसा मोठा फेरा घेऊन, पुढे चालत चालत वळायचं. जागा नसेल तर पायांखाली घड्याळ आहे असं समजायचं: बारावर उभं, मग पाऊल तीनवर, दुसरं त्याच्या शेजारी, मग सहावर. पाय एकमेकांवर येऊ द्यायचे नाहीत. याचा रोज सराव करा, दोन्ही बाजूंना. एका बाजूला जास्त अडत असेल तर तेही लक्षात ठेवा, न्हाणीघरातून बाहेर येताना चांगल्या बाजूनं वळायची सवय लावता येते.

पहाटेच्या पडण्यामागे गोळी आहे असा मला दाट संशय आहे. रात्रीच्या गोळीचा असर पहाटेपर्यंत उतरलेला असतो. शरीर ताठरलेलं, डोळ्यांवर झोप, अंधार आणि लघवीची घाई. या वेळी चालायला लावणं धोक्याचंच. पलंगापाशी युरिनलचं भांडं ठेवा, अण्णांना संकोच वाटेल, पण आठवडाभरात तो जातो. पलंग ते न्हाणीघर मंद दिवा रात्रभर असू द्या. न्यूरॉलॉजिस्टना विचारून सकाळची पहिली गोळी आणि पाणी उशाशी ठेवता येईल, म्हणजे ती घेऊन, असर सुरू झाल्यावर उठता येईल. लेवोडोपाची (पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची) गोळी प्रथिनं असलेल्या जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतली तर काहींना ती उशिरा किंवा कमी लागू पडते, हेही त्यांच्याशी बोला. वेळा स्वतःच्या मनानं बदलू नका.

व्यायामही गोळीचा असर चांगला असेल त्याच वेळेत करायचा.

जेवल्यावर अंधारी आली ती रक्तदाब उतरल्यामुळे असावी. पार्किन्सन्समध्ये उभं राहिल्यावर दाब सांभाळणारी यंत्रणा मंदावते, आणि भरपेट जेवणानंतर ते जास्त जाणवतं. घरी मशीन आणा. पाच मिनिटं आडवं झाल्यावर एकदा मोजा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 नं उतरला तर ते आकडे घेऊन डॉक्टरांना भेटा. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचाही यात हात असू शकतो. तोवर जेवण थोडं थोडं, दोनाऐवजी चार वेळा. उठण्याआधी खुर्चीतच घोटे हलवायचे, कडेला सरकायचं, आणि उभं राहिल्यावर दहा आकडे मोजून मगच पहिलं पाऊल.

आता व्यायाम. यासाठी मेंदूच्या आजारांवर काम करणारा फिजिओथेरपिस्ट शोधा, चिपळुणात किंवा रत्नागिरीत नाही सापडला तर महिन्यातून एकदा मोठ्या गावी आणि मधल्या काळात व्हिडिओवर. हे आग्रहानं सांगण्याचं कारण आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत 231 रुग्णांपैकी निम्म्यांना बहुतांशी घरी करायचे व्यायाम दिले होते. सगळे मिळून पाहिलं तर पडणं विशेष कमी झालं नाही. पण आजार सौम्य असलेल्यांमध्ये ते खूपच कमी झालं, आणि आजार वाढलेल्यांमध्ये झालं नाही. म्हणजे लवकर सुरुवात केली तर फायदा मोठा, आणि आजार पुढे गेला असेल तर जवळ जाणतं माणूस हवं. अण्णा पडू लागले आहेत, तेव्हा त्यांचा व्यायाम एकट्यानं नको.

करायचं काय, याचा अंदाज देते. खुर्चीतून उठणं-बसणं: पाय गुडघ्यांच्या किंचित मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकून, हातांची मदत शक्य तितकी कमी. दहा वेळा, दिवसातून दोनदा. मग घरातला एक कोपरा निवडा. अण्णा कोपऱ्यात पाठ करून उभे, दोन बाजूंना भिंती, समोर जड खुर्ची. तिथे कुठेही पडायला जागा नाही. तिथे भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचा, टाचा उचलायच्या, पाय जवळ घेऊन उभं राहायचं, हात लांब करून तुमच्या हातातला रुमाल घ्यायचा. पुढे स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून बाजूला चालायचं, मागे पाऊल टाकायचं. मागचं पाऊल विसरू नका. दार उघडताना, खुर्चीवर बसताना माणूस मागेच जातो आणि पार्किन्सन्समध्ये मागचं पाऊल फार लहान होतं. सगळं मिळून आठवड्याला तीन तासांपर्यंत पोचायचं, पण हळूहळू. जमू लागलं की फिजिओथेरपिस्ट ते थोडं अवघड करतील, करायलाच हवं.

कंटाळा येऊ नये म्हणून काही आवडीचं जोडा. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या 195 रुग्णांच्या चाचणीत आठवड्यातून दोनदा ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणारे, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा कमी पडले. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचा वर्ग चालतो, आणि तिथलं पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना नि घरच्यांना एकत्र आणतं. पुण्याला जाणं झालं तर अण्णांना घेऊन एकदा जाऊन या. आपल्यासारखीच चाल असलेली पन्नास माणसं एका खोलीत हसताना पाहिली की अंगण सोडलेला माणूस पुन्हा अंगणात येतो, हे मी पाहिलं आहे.

वॉकर चाचणी न घेता विकत घेऊ नका. चार पायांचा, उचलून ठेवायचा वॉकर चालण्याचा ठेका मोडतो आणि गोठणाऱ्याला अडथळाच होतो. चाकांचा बरा, पण पावलं आपोआप भरभर पडत असतील तर तो हातातून पुढे पळतो. त्याला ब्रेक हवेत आणि ते दाबायचं अण्णांना जमायला हवं. फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन प्रकार चालवून बघा. न्हाणीघरात बसून आंघोळ, भिंतीला पक्का बसवलेला दांडा (टॉवेलचा नव्हे) आणि कोरडी जमीन, हे तर आजच करा. पायपुसणी उचला.

पडल्यावर उठायचं कसं, हेही एखाद्या चांगल्या दिवशी चटईवर शिकवून ठेवायचं. कुशीवर वळायचं, कोपरावर उठायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, खुर्चीवर हात टेकून एक पाय पुढे आणि मग उठायचं. ज्याला उठता येतं त्याची पडण्याची भीती निम्मी होते. मात्र खरोखर पडले तर लगेच उचलायची घाई नको. खुबा दुखतो का, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, डोक्याला लागलं का, हे आधी पाहा. यातलं काही असेल तर हलवू नका, मदत बोलवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर ठणठणीत दिसले तरी दवाखाना. मनगट आधीच मोडलंय, तेव्हा हाडांची ताकद आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा.

इतर वाचकांसाठी दोन वाक्यं. पक्षाघातानंतर पडण्याची कारणं वेगळी असतात, पाऊल लोंबकळणं, एका बाजूकडे लक्षच न जाणं. तिथे घोट्याचा स्प्लिंट आणि त्या बाजूचं प्रशिक्षण लागतं, वरच्या पट्ट्या नव्हेत. आणि पार्किन्सन्स सांगितलेला माणूस पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच मागच्या मागे पडू लागला, त्याला खाली पाहणं अवघड जाऊ लागलं, तर न्यूरॉलॉजिस्टना पुन्हा भेटा, आजार दुसरा असू शकतो.

ताई, सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात चार कामं: पट्ट्या, पलंगाजवळचं भांडं, रात्रीचा दिवा, रक्तदाबाचे आकडे. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज रात्री खूण करा. पडले का, पडता पडता सावरले का, किती वाजता, गोळी घेऊन किती वेळ झाला होता, कुठल्या बाजूला. सावरलेले प्रसंगही लिहा, त्यांतून पुढचं पडणं आधी कळतं. दिरांना त्या पानाचा फोटो पाठवत जा. रोज फोन करणाऱ्या माणसाला काहीतरी हातात मिळेल, आणि कदाचित ते महिन्यातून एकदा येऊन अण्णांबरोबर ओट्याला धरून चालतील. महिन्यानं तेच पान घेऊन मला पुन्हा लिहा.

आणि आईंना सांगा, अण्णांना मागून हाक मारायची नाही. समोर यायचं, त्यांनी पाहिलं की बोलायचं.